हॉर्सपॉवरचा आकडा छापताना डायनोचा अख्खा कागद बघा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या पुरवणीत कोल्हापूरच्या मॉडिफाय गाड्यांवर अख्खं पान आलं. फोटो लई भारी होते आणि आपल्या गावातल्या पोरांनी, गॅरेजवाल्यांनी स्वतःच्या हातानं केलेलं काम पेपरात आलं याचा मला मनापासून आनंद झाला, हे आधी सांगतो. पण त्या पानावर एक चौकट होती आणि तिच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलंय. रिमॅप केलेली (म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवलेली) डिझेल स्विफ्ट, खाली मोठ्या अक्षरात 'डायनोवर १४० हॉर्सपॉवर'. बास, एवढंच. कुठल्या पद्धतीचा डायनो (गाडीची ताकद मोजायचं मशीन), आकडा चाकावरचा का इंजिनचा, रिमॅपच्या आधी किती होता, टॉर्क (शाफ्ट फिरवणारा पिळाचा जोर) किती, कशाचाच पत्ता नाही.

आता ही गाडी कंपनीतनं बाहेर पडायची तेव्हा तिचं १२४८ सीसीचं इंजिन ४००० आरपीएमला ७५ पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर) द्यायचं आणि २००० ला १९० न्यूटन मीटर टॉर्क. टर्बो (इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा) लहान, फिक्स जॉमेट्रीचा, म्हणजे पाती न हलणारा. ह्याच इंजिनचं ९० पीएसवालं मॉडेल दुसऱ्या गाड्यांत यायचं त्याला व्हेरिएबल जॉमेट्रीचा टर्बो होता, म्हणजे पंधरा पीएस वाढवायला खुद्द इंजिन बनवणाऱ्यांनी टर्बोच वेगळा लावला. नुसत्या रिमॅपवर ७५ वाली गाडी ९५-१०० पर्यंत जाते हे पटतं, १४० म्हणजे जवळजवळ दुप्पट, तेवढी हवा तो टर्बो आणणार कुठनं? मालकावर माझा राग नाही, त्याच्या हातात जो कागद दिला त्यावर तेवढंच छापलं असणार आणि त्यानं विश्वासानं तो दाखवला. माझं म्हणणं एवढंच की हॉर्सपॉवरचा सुटा आकडा काहीच सांगत नाही, तो कसा मोजला ते सोबत पाहिजे, आणि ते विचारायची सवय गिऱ्हाइकाला, गॅरेजवाल्याला आणि पेपरला, तिघांनाही लागली पाहिजे.

मी उद्यमनगरात ऑइल इंजिनच्या टेस्टिंगला आयुष्य काढलं. शेतकऱ्याला विहिरीवर, नदीवर पंप चालवायला इंजिन लागायचं आणि कोल्हापूरची इंजिनं लांबलांब जायची. रंग मारून बाहेर पडायच्या आधी प्रत्येक इंजिन टेस्ट बेडवर चढायचं. शाफ्टवर ब्रेक ड्रम, ड्रमवर दोर गुंडाळलेला, दोराच्या एका टोकाला वजनाचं पारडं आणि दुसऱ्या टोकाला स्प्रिंग बॅलन्स. ड्रमच्या आतल्या कडेत पाणी सोडायचं नाहीतर दोर जळायचा, आणि एवढं करूनसुद्धा शेडमध्ये करपलेल्या दोराचा वास दिवसभर असायचाच. ५ हॉर्सपॉवरचं इंजिन १५०० आरपीएमला फिरतंय, ड्रम दोरासकट ४० सेंटीमीटर व्यासाचा, तर पारड्यातल्या वजनातनं स्प्रिंग बॅलन्सचं रीडिंग वजा केल्यावर साधारण १२ किलोचा निव्वळ लोड त्या इंजिननं आरपीएम न पाडता ओढला पाहिजे. ओढला की पास. सोबत काचेच्या नळीतलं डिझेल किती सेकंदात संपतंय ते स्टॉपवॉचवर बघायचं आणि धुराचा रंग बघायचा, काळा यायला लागला की डिझेल पंपाची सेटिंग परत.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे आजचा कॉम्प्युटर लावलेला, लाखो रुपयांचा चेसिस डायनो, म्हणजे अख्खी गाडी रोलरवर चढवून मोजणारा, ह्याच तत्त्वावर चालतो. फ्रान्सच्या प्रोनीनं १८२१ साली लाकडी ठोकळ्यांचा ब्रेक शाफ्टवर आवळून जे मोजलं तेच आपण दोरानं मोजत होतो आणि तेच आता रोलरवर मोजतात. जगात कुठलंही मशीन हॉर्सपॉवर थेट मोजत नाही. जोर मोजतात, फिरण्याचा वेग मोजतात, आणि त्या दोघांच्या गुणाकारातनं हॉर्सपॉवर काढतात. टॉर्क न्यूटन मीटरमध्ये घ्या, त्याला आरपीएमनं गुणा आणि ७०२३ नं भागा, पीएस आला. बीएचपी (ब्रिटिश हॉर्सपॉवर) पाहिजे असेल तर ७१२१ नं भागा, किलोवॅट पाहिजे असेल तर ९५४९ नं. १०० किलोवॅट म्हणजे १३६ पीएस आणि तेच म्हणजे १३४ बीएचपी, त्यामुळं नुसतं 'हॉर्सपॉवर' म्हटलं की तिथंच एक-दीड टक्का इकडंतिकडं होतो, पण ती बारीक गोष्ट झाली.

चेसिस डायनो ढोबळ मानानं दोन जातीचे. एकात नुसता जड रोलर असतो, त्याचं जडत्व आधीच माहीत असतं, गाडी त्याला फुल ॲक्सिलरेटरवर पळवते आणि रोलरचा वेग किती झपाट्यानं वाढला त्यावरनं कॉम्प्युटर जोर काढतो. दुसऱ्यात रोलरला एडी करंटचा ब्रेक असतो, विजेच्या चुंबकानं रोलर धरून ठेवतात, आणि ब्रेकच्या आर्मला लावलेला लोडसेल सांगतो की किती जोर लागतोय. ट्यूनिंगला दुसरा जास्त उपयोगी, कारण गाडी २५०० आरपीएमवर लोड देऊन तिथंच उभी ठेवता येते आणि त्या एका जागेवर डिझेल, बूस्ट (टर्बोनं दिलेला हवेचा दाब), टायमिंग सगळं शांतपणे बघता येतं. दोन्ही चांगले आहेत, पण एकाचा आकडा दुसऱ्याशी लावायचा नसतो. एकाच गाडीला ह्या डायनोवर ८८ आणि त्या डायनोवर ९५ आले तर त्यात कुणी लबाडी केली असं नाही, रोलरचा व्यास वेगळा, टायर त्यावर दबतो वेगळा, सॉफ्टवेअर वेगळं.

उसाच्या काट्याचं आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे. गाडी कारखान्याच्या काट्यावर चढायच्या आधी शेतकरी बाहेरच्या काट्यावर वजन करून घेतो, पावती खिशात ठेवतो आणि मग आत जातो. डायनोचं अगदी तसंच करायला पाहिजे. गाडीला हात लावायच्या आधी एक रन (डायनोवर मोजणीचा एक फेरा), काम झाल्यावर परत रन, तोच डायनो, तोच दिवस, तोच गेअर, टायरमध्ये हवा तेवढीच. मधला फरक तो आपल्या पैशाचा. आधीची पावतीच नसेल तर 'पंचवीस वाढले' हे कुणी कशाच्या जोरावर म्हणायचं?

माझ्या भाच्याच्या गाडीचा कागद माझ्या समोर आहे, तो वाचून दाखवतो. डिझेल गाडी, ९० पीएसचं ते व्हेरिएबल टर्बोवालं इंजिन. बाहेरगावच्या एका ट्यूनरकडं रिमॅप करून आला, नाव लिहीत नाही. आला तो उड्या मारतच, मामा ११८ झाले म्हणून. मी म्हटलं कागद आण. रंगीत ग्राफ, वर मोठ्या अक्षरात ११८ पीएस, ३९०० आरपीएम. टॉर्कची रेघ खाली वेगळ्या रंगात, आणि ३९०० च्या उभ्या रेघेवर पट्टी ठेवून बघितलं तर टॉर्क १६५ न्यूटन मीटर. आता १६५ गुणिले ३९०० भागिले ७०२३ करा, ९१.६ येतात. ११८ येतच नाहीत. ११८ यायला त्या जागी टॉर्क २१२ च्या वर पाहिजे. दोन्ही रेघा एकाच रनच्या, एकाच इंजिनच्या, मग हे कसं? कागदाच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात उत्तर होतं, करेक्शन १.१२, ड्राइव्ह लॉस १३ टक्के. ९१.६ ला १.१२ नं गुणा, १०२.६ होतात, त्याला ०.८७ नं भागा, बरोबर ११८. म्हणजे टॉर्कची रेघ चाकावर मोजली तशी कच्ची ठेवली आणि पॉवरच्या रेघेवर दोन दोन थर चढवले. मोजलेला आकडा ९१.६, बाकीचे सव्वीस कॅल्क्युलेटरवर आलेले. भाचा गप्पच झाला, पण मी त्याला म्हटलं अरे चाकावर ९१ हे वाईट नाही, तुझ्या गाडीला चाकावर ७८-८० येत असणार आधी, चांगलंच वाढलंय, फक्त आधीचा रन घेतला असतास तर आज खात्रीनं सांगता आलं असतं.

ही पडताळणी कुणालाही घरबसल्या जमते, मोबाईलचा कॅल्क्युलेटर पुरे. ग्राफवरची कुठलीही एक जागा घ्या आणि गुणाकार करा. जुळला तर निदान दोन्ही रेघा एका हिशोबातल्या आहेत. नाही जुळला तर विचारा. विचारल्यावर चांगला ट्यूनर रागवत नाही, उलट खुर्ची देतो आणि समजावून सांगतो.

आता ते दोन थर काय आहेत ते बघू, कारण दोन्ही मुळात खोटे नाहीत, वापरायची पद्धत चुकते. पहिला करेक्शनचा. इंजिन हवेवर चालतं आणि हवा सगळीकडं सारखी नसते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे, आपल्याकडं हवेचा दाब ९५० मिलिबारच्या आसपास असतो, समुद्रकाठी १०१३. म्हणजे प्रत्येक दट्ट्याला हवाच पाच-सहा टक्के कमी. त्यात एप्रिलची दुपार, पारा ३५ च्या वर, हवा अजून पातळ. तीच गाडी रत्नागिरीत जानेवारीच्या सकाळी मोजली तर जास्त देणार. म्हणून सगळ्यांचे आकडे एका पातळीवर आणायला स्टँडर्ड ठरवलेत. एसएई ह्या अमेरिकेतल्या इंजिनिअरांच्या संस्थेचं जे १३४९ स्टँडर्ड म्हणतं २५ डिग्री आणि ९९० मिलिबार कोरडी हवा धरा. एसटीडी म्हणून दुसरं आहे ते साडेपंधरा डिग्री आणि १०१३ धरतं, म्हणून ते नेहमी तीन-चार टक्के जास्त दाखवतं. जाहिरातीत एसटीडी का आवडतं ते ह्यातनं कळेल. आपल्याकडं उन्हाळ्याच्या दुपारी साध्या, बिनटर्बोच्या पेट्रोल गाडीला एसएईनं हिशोब केला तर करेक्शन साधारण दहा टक्के येतं. ८३ पीएसची पेट्रोल स्विफ्ट त्या वेळी खरोखर ७५-७६ च देत असते, ड्रायव्हरला ते घाटात जाणवतंही.

पण टर्बो गाडीला हाच हिशोब लावला की गडबड होते. टर्बोच्या गाडीत बूस्ट किती ठेवायचा ते इसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठरवतो आणि बाहेर हवा पातळ असली तर टर्बो जोरात फिरवून तो बरीच भरपाई करून घेतो. म्हणजे इंजिननं जी कमतरता आधीच भरून काढली तिचे पैसे परत करेक्शनमध्ये लावायचे, असा प्रकार. टर्बो डिझेलसाठी स्टँडर्डमध्येच वेगळी रीत दिलेली आहे, ती लावली तर करेक्शन बरंच कमी येतं. भाच्याच्या कागदातलं १.१२ काढून टाकलं तर इंजिनचा आकडा १०५ च्या आसपास बसतो, आणि तो मला पटतो.

दुसरा थर लॉसचा. इंजिनपासनं चाकापर्यंत येताना गेअरबॉक्स, डिफरन्शियल, शाफ्ट, टायर ह्यांत थोडी ताकद जाते. फ्रंट व्हील गाडीला १२ ते १५ टक्के धरतात, रिअर व्हीलला त्याहून थोडं जास्त, फोर व्हीलला अजून जास्त. धरतात, म्हणजे अंदाज. काही डायनोवर रन झाल्यावर क्लच दाबून गाडी मोकळी सोडतात आणि रोलर किती वेळात मंदावतो त्यावरनं लॉस मोजतात, ते नुसत्या टक्केवारीपेक्षा बरं, तरी तेही पूर्ण नाही कारण लोडखाली गेअरचे दात जितके घासतात तितके मोकळे असताना घासत नाहीत. म्हणून माझा आग्रह आहे की चाकावरचा आकडा आधी लिहा, तो मोजलेला आहे. इंजिनचा लिहायचाच असेल तर खाली लिहा आणि किती टक्के धरले तेही लिहा. १३ च्या जागी २० धरले की त्याच गाडीला ९ पीएस फुकट मिळतात, बॉनेट न उघडता.

रन घेताना काय बघायचं हेही लिहितो, कारण आमच्याकडची पोरं पुण्या-मुंबईला जातात, रांगेत थांबतात आणि घाईत एक रन मारून परत येतात. गाडीसमोर पंखा कसला आहे ते बघा, घरातल्या कूलरएवढा पंखा असेल तर इंटरकूलर (टर्बोतनं आलेली हवा थंड करणारा) तापतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या रनला पॉवर खाली येते, मग ट्यूनर थंड गाडीवर घेतलेला पहिला रन दाखवतो. रस्त्यावर शंभरच्या वेगानं जी हवा लागते तिच्या जवळपास जाणारा ब्लोअर पाहिजे. गेअर असा घ्यायचा की ज्याचं गुणोत्तर एकास एकच्या जवळ आहे, बहुतेक गाड्यांत चौथा. गाडी बांधायचे पट्टे किती आवळलेत त्यावरही आकडा हलतो, जास्त आवळले की टायर रोलरवर दबतो आणि ताकद खातो. जुना, तडे गेलेला टायर असेल तर गाडी चढवूच नका, चौथ्या गेअरला ४५०० आरपीएम म्हणजे काटा दीडशेच्या आसपास असतो आणि तिथं टायर फुटला तर शेजारी उभ्या माणसाचं काही खरं नाही. सायलेन्सरच्या तोंडाला धूर बाहेर नेणारा पाइप आहे का बघा, बंद शेडमध्ये कार्बन मोनॉक्साइड साठतो. आणि निदान तीन रन घ्या. तिन्ही एक-दोन टक्क्यांत जुळले तर आकड्यावर विश्वास ठेवा. ग्राफमध्ये आरपीएम वर पळतोय आणि टॉर्क मध्येच खचतोय असं दिसलं तर क्लच सरकतोय, रिमॅपनंतर हे लई वेळा होतं कारण कंपनीचा क्लच कंपनीच्या टॉर्कच्या हिशोबानं दिलेला असतो.

एक गोष्ट मला फार मनापासून सांगायची आहे. पोरं फक्त टोकाचा आकडा विचारतात. किती झाले? पण गाडी टोकावर किती वेळ चालते? गगनबावड्याकडनं करूळ घाट उतरून परत चढताना, नाहीतर आंबा घाटात उसाच्या ट्रकमागं अडकून मोकळा पट्टा दिसल्यावर, इंजिन १८०० ते ३००० मध्ये असतं. तिथं टॉर्क किती आणि तो किती लवकर येतो त्यावर गाडी ओढते का नाही ते ठरतं. त्या डिझेल स्विफ्टचंच घ्या, २००० आरपीएमला १९० न्यूटन मीटर म्हणजे त्या जागी पॉवर ५४ पीएस आणि ४००० ला ७५ पीएस असले तरी टॉर्क तिथं १३२ वर आलेला असतो. म्हणजे वर पॉवर जास्त, खाली ओढ जास्त, आणि आपलं रोजचं चालवणं खालीच. चांगला ट्यूनर रेघेचा मधला भाग भरतो, टोकाला पाच कमी आले तरी चालतील म्हणतो. आकड्याच्या नादाला लागलेला ट्यूनर टोक वाढवतो आणि खाली गाडी आधीपेक्षा मरगळते. अख्खा ग्राफ छापला तर हे वाचकालाही दिसेल, सुट्या आकड्यात कधीच दिसणार नाही.

आणि डायनोचा खरा उपयोग आकडा मिरवण्यापेक्षा इंजिन वाचवण्यात आहे. पेट्रोल टर्बोला फुल लोडवर मिश्रण थोडं जाड, म्हणजे पेट्रोल जास्त, लागतं, लॅम्डा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा, नेमकं असेल तर १) ०.८५ च्या आसपास, ते पातळ राहिलं तर पिस्टन वितळतो, नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून ठोके पडणं) होत असेल तर सेन्सर तिथं सांगतो. डिझेलला धूर आणि एक्झॉस्टचं टेंपरेचर बघायचं, काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी, म्हणजे टर्बोच्या पात्यांवर जादा ताप. हे रस्त्यावर बघता येत नाही. डायनोवर लोड धरून बघता येतं. डायनो नसला की पोरं काय करतात ते आपल्याला माहीत आहे, रात्री हायवेवर गाड्या पळवून 'पिकअप चेक' करतात, शेजारचा मित्र मोबाईलवर व्हिडिओ काढतो. शिरोलीच्या पुढं रात्री उसाचे ट्रॅक्टर बिनलाइटचे चाललेले असतात. मला त्याची फार धास्ती वाटते. त्यापेक्षा पट्ट्यानं बांधलेली गाडी रोलरवर दीडशे पळू दे.

कायद्याबद्दल थोडक्यात लिहितो, पुरवणीत त्यावर एक ओळसुद्धा नव्हती. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आहे, कंपनीनं जी गाडी पास करून घेतली आणि आरसीवर जे लिहिलंय त्यात परस्पर बदल करता येत नाही, सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं प्रत्येक बदलामागं ५००० रुपये दंडाची तरतूद आली. डायनोवर गाडी मोजण्यात बेकायदा काही नाही, पण मोजून जे बदलतो ते रस्त्यावर आणताना, विम्याचा क्लेम करताना अडचणीचं ठरू शकतं. पोरांच्या आईवडिलांना हे कळलं पाहिजे, म्हणून पुढच्या वेळी एखाद्या जाणकार वकिलाकडनं नाहीतर आरटीओकडनं चार ओळी घ्या. सायलेन्सर कापून आवाज वाढवण्यात तर ताकदीचा काही संबंध नसतो, आधीचा आणि नंतरचा रन घेतला तर तो रेघेवरच दिसेल, लहान इंजिनात उलट खालचा टॉर्क पडतो लई वेळा.

आता मागणी. हे गाव इंजिनांचं आहे. उद्यमनगरात इंजिनं घडली, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतनं गाड्यांची कास्टिंग देशभर जातात, हुपरी रोडला कार्टिंगचा ट्रॅक आहे आणि तिथं देशपातळीवरच्या स्पर्धेच्या फेऱ्या झाल्यात. इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या लॅबमध्ये इंजिन टेस्ट रिग असतातच, पाण्याचा नाहीतर एडी करंटचा डायनोमीटर जोडलेले, पोरं जर्नल पुरी करायला त्यावर रीडिंग घेतात. मग पैसे भरून कुणालाही गाडी मोजून घेता येईल असा एक चेसिस डायनो, कॉलेज, कारखानदार आणि गॅरेजवाल्यांनी मिळून, आपल्या गावात का उभा करू नये? रोलर म्हणजे जाड भिंतीचा, नीट बॅलन्स केलेला पोलादी ड्रम, तो फिरवायला, टर्न करायला, बॅलन्स करायला लागणारी मशीनं आणि माणसं आपल्याकडं आहेत. एडी करंट ब्रेक, लोडसेल आणि सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागेल, खर्च आहे, पण चार जणांनी उचलला तर झेपेल असा आहे. अट एकच ठेवायची, प्रत्येक कागदावर चाकावरचा कच्चा आकडा, करेक्शन कुठलं आणि किती, त्या वेळचं तापमान आणि दाब, गेअर कुठला, आधीचा आणि नंतरचा रन एकाच ग्राफवर. आणि लोडसेल ठरावीक मुदतीनं सगळ्यांच्या समोर तपासायचा, आर्मला माहीत असलेलं वजन लटकवून स्क्रीनवर तेवढंच दिसतंय का ते बघायचं, त्याची तारीख भिंतीवर लावायची.

आपल्या पेपरनं पुढाकार घेऊन कॉलेजचे प्राध्यापक, गॅरेजवाले आणि फाउंड्रीवाले ह्यांची एक बैठक बोलवावी अशी माझी विनंती आहे. जागा कुठलीही चालेल. माझ्याकडं टेस्टिंगच्या वेळची तपासून घेतलेली वजनं आणि जुना स्प्रिंग बॅलन्स अजून नीट ठेवलेला आहे, ते घेऊन मी येतो, आणि लोडसेलचं कॅलिब्रेशन कसं करायचं ते ज्याला शिकायचंय त्याला बिनपैशाचं शिकवतो.

आपला,
ऑइल इंजिन टेस्टिंगमधला एक निवृत्त कामगार
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर